कॉलेजात रेस कार बनवायचीय? इंदूरच्या पोरापोरींचे आणि त्यांच्या आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

जुलै आला, नवीन ॲडमिशन झाले की माझ्या व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. कुणाचा चुलतभाऊ, कुणाच्या सोसायटीतली मुलगी, आणि गणपतीत तर मंडपातच काकू पकडतात की "अरे आमचा म्हणतो गाडी बनवायची टीम जॉइन करतो, बरं असतं का रे ते?" मी इंदूरच्याच एका कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये तीन वर्षं होतो, शेवटच्या वर्षी कॅप्टन, आता इंदूरशेजारच्या पिथमपूरला, कारखान्यांच्या गावात नोकरी. दरवेळी वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम वगैरे फार लावलेला नाही, जसे प्रश्न आले तसे.

ही नक्की कसली स्पर्धा असते? रेसच ना?

नाही, आणि हाच पहिला गैरसमज. चाकाला चाक लावून इथे कुणी पळत नाही, ट्रॅकवर वेळ मोजतात. अमेरिकेत १९८१ पासून फॉर्म्युला एसएई (एसएई म्हणजे गाड्यांच्या इंजिनियरांची संस्था) चालू आहे, त्याच धर्तीवर जगभर स्पर्धा झाल्या, आपल्याकडे सुप्रा एसएईइंडिया आणि फॉर्म्युला भारत या दोन मोठ्या. विद्यार्थ्यांनी एक छोटी सिंगल सीटर गाडी स्वतः डिझाईन करायची, बनवायची आणि मग ती तपासून, चालवून, प्रश्न विचारून हजार मार्कांत मोजतात. त्यातले ३२५ तर गाडी चालवायच्या आधीच असतात: डिझाईनचे १५०, कॉस्टचे १००, बिझनेस प्लॅनचे ७५. उरलेले ट्रॅकवरचे. ७५ मीटरचं ॲक्सिलरेशन, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्किडपॅड, एक लॅप जीव तोडून मारायचा ऑटोक्रॉस, आणि शेवटी साधारण २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स ज्यात मध्येच ड्रायव्हर बदलतो. कुठल्या इव्हेंटला किती मार्क हे स्पर्धेगणिक थोडं बदलतं, पण एन्ड्युरन्स आणि तिच्याबरोबरची इंधनाची एफिशियन्सी धरली तर जवळपास चाळीस टक्के मार्क एकट्या त्या २२ किलोमीटरात आहेत. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

बाहा आणि फॉर्म्युलात फरक काय? पिथमपूर तर घराशेजारीच आहे, मग बाहाच का नाही?

बाहाची गाडी उंच, खड्ड्यातून-दगडातून जाणारी, सगळ्यांना ठरवून दिलेलं साधारण दहा हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि तिची एन्ड्युरन्स चार तासांची. भारतात ती २००७ पासून आहे आणि पिथमपूर म्हणजे तिचं माहेरच. तिथल्या नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्या तपासायच्या सरकारी केंद्राचा, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत फोटो आले होते ना, तेच नॅट्रॅक्स. फॉर्म्युलावाल्यांना मात्र गाडी टेम्पोत घालून एकतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला किंवा थेट कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला न्यावी लागते, म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वर. (हा करी म्हणजे एस. करीवर्धन, ज्यांनी मारुतीचं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या आणि इथल्या कितीतरी ड्रायव्हरांना परवडेल अशी रेसिंग दिली.)

खरं सांगू? इंदूरकरानं बाहा निवडली तर पैसा आणि झोप दोन्ही वाचते. आम्ही फॉर्म्युला निवडली कारण ती दिसायला भारी होती. याच्यापेक्षा चांगलं कारण आजपर्यंत सापडलेलं नाही.

मी मेकॅनिकलची नाहीये, चालेल का?

पळेल. इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, सिव्हिल सगळे लागतात. आमची सगळ्यात चांगली वायरिंग करणारी मुलगी आयटीची होती आणि कॉस्ट रिपोर्ट ज्यानं वाचवला तो कॉमर्समधून आलेला एमबीएवाला होता.

सुरुवात कशापासून करायची, इंजिन की चॅसी (गाडीचा सांगाडा)?

माणसापासून. गंमत नाही करत. रूलबुकात एक ठरावीक मापाचा उंचापुरा पुतळा दिलेला असतो, तो गाडीत बसला पाहिजे, हेल्मेट आणि डोक्यामागच्या हूपमध्ये (पाइपाच्या कमानीत) ठरलेलं अंतर पाहिजे, आणि ड्रायव्हर पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर आला पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी कॉम्प्युटरवर सगळं छान बसवलं आणि प्रत्यक्षात आमचा सहा फुटी ड्रायव्हर बसला तर स्टिअरिंग फिरवताना त्याची बोटं गुडघ्यावर आपटायची. दुसऱ्या वर्षी आधी प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपांचा सांगाडा बांधला, जुनी प्लास्टिकची खुर्ची कापून सीट केली, आणि टीममधल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या अशा दोघांना आठवडाभर त्यात बसवून पेडल, स्टिअरिंग, आरसे सगळं जागच्या जागी ठरवलं. खर्च नगण्य. त्या एका आठवड्यानं पुढचे दोन महिने वाचवले.

आणि दुसरी गोष्ट, कॅलेंडर उलटं मोज. स्पर्धेच्या दिवसापासून मागे ये. गाडी स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही तर आठ आठवडे आधी स्वतःच्या चाकांवर चालली पाहिजे असं ठरव, मग डिझाईन कधी थांबवायचं ती तारीख आपोआप निघते. ती तारीख आली की कितीही भारी आयडिया सुचली तरी वहीत लिहायची आणि पुढच्या वर्षी करायची. यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरून पण नाही झाली.

सामान इंदूरात मिळतं का?

बरंचसं. पाइप लोहामंडीत मिळतात, पण सीमलेस पाहिजे, आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेट पाहिजे, नुसतं "भिया, वोइच माल है" याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण टेक इन्स्पेक्शनला (गाडी ट्रॅकवर सोडायच्या आधीची तपासणी) पाइपाची जाडी तपासतात. व्हर्नियर खिशात घेऊन जा. नटबोल्ट, क्लॅम्प, ड्रिल बिट सियागंजात. लेथ आणि मिलिंगची कामं पालदा आणि सांवेर रोडच्या छोट्या वर्कशॉपांत होतात, तिथल्या उस्तादांना ड्रॉइंग दाखवताना टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहिलाय म्हणून थांबू नकोस, त्या भोकात काय बसणार आहे तो बेअरिंगच सोबत घेऊन जा आणि समोर बसवून बघ. आमच्या पहिल्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंग हातानं आत-बाहेर होत होतं, चूक उस्तादाची नव्हती, ड्रॉइंगवर आम्हीच मायक्रॉनचं चिन्ह उलटं टाकलं होतं.

टायर, रॉड एंड, चांगले डॅम्पर बहुतेक बाहेरून मागवावे लागतात, आणि त्यांची ऑर्डर डिझाईन पक्कं झालं की त्याच आठवड्यात टाक, कस्टममध्ये किती दिवस अडकेल ते आपल्या हातात नसतं.

आणि एक अस्सल इंदुरी टीप. अनंत चतुर्दशीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आर्गन वेल्डिंगवाला शोधू नकोस. मिलांच्या झांक्यांची, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतल्या चित्ररथांची, कामं चालू असतात, मान हलवणारा हत्ती आणि फिरणारं चक्र यांच्यापुढे तुझ्या चॅसीला कोण विचारतं. (आमचा वेल्डर याच झांक्यांचा माणूस होता, आणि बारीक पाइपाला भोक न पाडता टाका मारायचा त्याचा हात मी नंतर कंपनीतसुद्धा फार कमी जणांचा बघितला.)

वेल्डिंग केल्यावर चॅसी वाकडी झाली, काय चुकलं?

बहुतेक एका बाजूचं सगळं आधी संपवलं असणार. आम्ही हेच केलं. एका संध्याकाळी डावी बाजू पूर्ण वेल्ड करून खुशीत पोहे खायला गेलो, सकाळी मापं घेतली तर पुढचा बल्कहेड (चॅसीच्या नाकाची चौकट) सात मिलिमीटर डावीकडे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइपाला आपल्याकडे ओढतो, तेवढं साधं आहे ते. आधी सगळीकडे फक्त टॅक (छोटे तात्पुरते टाके), मग एक जोड डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, एक खाली, आणि चॅसी जिगला (पाइप जागच्या जागी धरणारा साचा) आवळलेलीच ठेवायची, पूर्ण थंड होईपर्यंत सोडायची नाही. सस्पेन्शनचे टॅब सगळ्यात शेवटी, चॅसीचं वेल्डिंग संपल्यावर नव्यानं मोजून. म्हणजे चॅसी दोन मिलिमीटर हलली तरी चाकं जिथे पाहिजेत तिथेच येतात.

रिस्ट्रिक्टर म्हणजे काय आणि त्यानं गाडी इतकी मरते का?

पेट्रोल गाडीत इंजिनला जाणारी सगळी हवा एका २० मिलिमीटरच्या भोकातून जायला पाहिजे असा नियम आहे, पॉवर आवरायला. इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण आपल्याकडे बऱ्याच टीम केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर वापरतात कारण ते मिळतं आणि त्याचे पार्ट पण मिळतात.

आता नीट बघ. २० मिमीच्या भोकातून हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की त्याहून जास्त हवा जातच नाही, सेकंदाला ७४ ग्रॅमच्या आसपास हिशोब संपतो. ३७३ सीसीचं इंजिन ९००० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा श्वास घेतं, म्हणजे साधारण २८ लिटर, वजनात ३३ ग्रॅम. मग म्हणशील ७४ च्या निम्म्याहून कमी, काळजी कसली? आम्हीही हेच म्हणालो आणि रिस्ट्रिक्टर सरळ इंजिनला जोडून टाकला, गाडी वर जाऊन अशी गुदमरली की विचारू नको. कारण सिंगल सिलिंडर सलग श्वास घेत नाही. चार स्ट्रोकमधल्या एकाच स्ट्रोकमध्ये सगळी हवा ओढतं, म्हणजे त्या क्षणाला मागणी चौपट, १३० ग्रॅमच्या वर, आणि तिथे भोक अडतं. म्हणून मध्ये प्लेनम, म्हणजे हवेचा डबा, लागतो, घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखा: नळ बारीक असला तरी टाकी भरत राहते आणि अंघोळीला एकदम पाणी मिळतं. टाकी फार मोठी केली तर थ्रॉटल दाबल्यावर गाडी विचार करत बसते, तो दुसरा त्रास. आम्ही तीन मापांचे प्लेनम पत्र्याचे करून डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) बदलून बघितले आणि मधला ठेवला. चार सिलिंडरवाल्यांना हा त्रास कमी, त्यांचे श्वास एकामागोमाग येतात.

वजन कमी करायला कार्बन फायबर वापरू का?

आधी ड्रायव्हरला कचोरी कमी खायला सांग. आमची पहिली गाडी २८६ किलोची होती, दुसरी २४१, आणि त्या ४५ किलोत कार्बनचा एक धागासुद्धा नव्हता. जाड ब्रॅकेट, गरजेपेक्षा लांब बोल्ट, बाइकची अख्खी वायरिंग तशीच ठेवलेली, स्टीलची सीट, हे काढलं. प्रत्येक पार्ट गाडीत लागायच्या आधी काट्यावर ठेवायचा आणि भिंतीवरच्या कागदावर पेनानं वजन लिहायचं, बस. कागद सगळ्यांना दिसतो म्हणून लाज वाटते, आणि लाज वाटली की माणूस भोकं पाडतो.

ब्रेक टेस्टमध्ये सगळे का अडकतात?

कारण चारही चाकं लॉक व्हायला पाहिजेत, तीन नाही. थोडा हिशोब कर. ड्रायव्हरसकट २९० किलोची गाडी, वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीपासून ३०० मिमी, व्हीलबेस १५५० मिमी. १.३ जीनं (गुरुत्वाकर्षणाच्या १.३ पट जोरानं) ब्रेक मारला तर मागून पुढे ७३ किलो सरकतात. म्हणजे पुढच्या चाकांवर २१८ आणि मागे फक्त ७२. ब्रेकचा जोर पुढे-मागे सारखा दिला तर मागची चाकं लगेच लॉक होऊन गाडी गरकन फिरते, आणि त्या भीतीनं सगळं पुढे दिलं तर मागची लॉकच होत नाहीत. ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटून देणारा बायस बार त्यासाठीच असतो, आणि तो ट्रॅकवर जाऊन फिरवून बघायचा असतो, एक्सेलमध्ये नाही.

तरी निम्म्या टीम हिशोबामुळे नापास होत नाहीत, हवेमुळे होतात. ब्रेक लाइनमध्ये बुडबुडा राहिलेला असतो, पेडल स्पंजासारखं लागतं, आणि पॅड नवेकोरे, एकदाही घासलेले नाहीत. घरून निघायच्या आधी तीस-चाळीस वेळा कडक ब्रेक मारून पॅड बसवून घ्या रे. आम्ही पहिल्या वर्षी ब्रेक टेस्ट सातव्या प्रयत्नात पास झालो, तोपर्यंत ॲक्सिलरेशनची रांग बंद झालेली.

टेक इन्स्पेक्शन इतकं किचकट का असतं?

गाडी ६० अंशात तिरकी करतात, साधारण १.७ जीच्या वळणाइतकं ते होतं, त्यात उलटायला नको आणि एक थेंब पण गळायला नको. नाकातला इम्पॅक्ट ॲटेन्युएटर म्हणजे ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगानं भिंतीला धडकली तर सरासरी २० जीच्या आत थांबवणारा ठोकळा, ३०० किलो वजन अडीच मीटरवरून पडल्यावर तेवढीच ऊर्जा येते म्हणून तशी ड्रॉप टेस्ट करतात. आत तुझा मित्र बसणार आहे. किचकट असलेलंच बरं.

तुमची गाडी एन्ड्युरन्समध्ये बंद पडली होती म्हणे, नक्की झालं काय?

हा प्रश्न कुणीतरी दरवर्षी हसत विचारतंच. सांगतो.

माझं दुसरं वर्ष. गाडी छान होती, टेक एका दिवसात पास, ऑटोक्रॉसला आम्ही पहिल्या दहात. एन्ड्युरन्सचे पहिले अकरा किलोमीटर सुरळीत. मग ड्रायव्हर बदलायला गाडी आत आली, इंजिन बंद, त्याला तीन मिनिटं मिळतात, आमची मुलं दोन मिनिटांत मोकळी झाली, टाळ्या वगैरे. नवीन ड्रायव्हरनं मेन स्विच लावला. आणि मी कुंपणाच्या बाहेर उभा, मला तो आवाज आलाच नाही. इग्निशन लावलं की फ्युएल पंप दोन सेकंद "भुर्र" करतो ना, तो. स्टार्टर फिरतोय, फिरतोय, फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. वेळ संपली, मार्शलनं हात आडवा केला.

पिटमध्ये आणून उघडलं तर पंपाच्या वायरीचा पांढरा प्लास्टिक कनेक्टर, बोटाच्या पेरापेक्षा लहान, जलेबीसारखा वितळून वाकलेला, आतली पिन एका बाजूला सरकलेली. चालत्या गाडीत तिथे वारा लागायचा म्हणून तो टिकला, थांबल्यावर चार बोटांवरच्या एक्झॉस्टची सगळी धग त्याच्यावर आली. अकरा किलोमीटर चाललेली गाडी तीन मिनिटं उभी राहून मेली.

आता चूक कुणाची? एक्झॉस्ट इंजिनवाल्यांनी बसवला तेव्हा तिथे वायर नव्हती. वायर इलेक्ट्रिकलवालीनं टाकली तेव्हा एक्झॉस्ट कोटिंगला गेलेला होता, गाडीत नव्हताच. दोघांचं काम आपापल्या जागी अगदी बरोबर. ती जागा मात्र दोघांतल्या कुणाचीच नव्हती. आणि आम्ही टेस्टिंगमध्ये गाडी सलग चाळीस मिनिटं पळवली होती, पण गरम गाडी बंद करून तीन मिनिटं उभी ठेवून पुन्हा चालू करून एकदाही बघितली नव्हती. स्पर्धेत होणार ते हेच होतं हे रूलबुकात छापलेलं असताना.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही आतापर्यंत तुटलेल्या सगळ्या गोष्टी एका वहीत लिहून काढल्या, दोन वर्षांतल्या. एकवीस निघाल्या. त्यातल्या अठरा दोन डिपार्टमेंटच्या मधल्या होत्या. रेडिएटरचा होझ क्लॅम्प, चेनला घासणारी ब्रेक लाइन, गिअर लिंकेज जिथे चॅसीच्या टॅबला येतं तो बोल्ट, असलंच सगळं. ज्या पार्टवर आम्ही महिना महिना सिम्युलेशन केलं, अपराइट, हब, बेलक्रँक असे चाकाचे आणि सस्पेन्शनचे मोठे पार्ट, त्यातलं एकही नाही.

मग पुढच्या वर्षी काय वेगळं केलं?

प्रत्येक जोडाला मालक दिला. पार्टाला नाही, जोडाला. एक यादी, "इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये", "वायर आणि गरम वस्तू यांच्यामध्ये", "पाइप आणि हलणारी वस्तू यांच्यामध्ये", आणि प्रत्येकापुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की ते कुणाचंच नाही. दर शनिवारी तो माणूस टॉर्च घेऊन फक्त तेवढंच बघणार, बाकी काही नाही.

बोल्टांची गोष्ट माझ्या आजोबांनी सांगितली. आजोबा इथल्याच एका कापड मिलमध्ये फिटर होते. मी घरी रडगाणं गात होतो की बोल्ट आवळलेला आहे की नाही तेच कळत नाही, सगळे म्हणतात मी आवळला, तर म्हणाले, "अरे मग आवळल्यावर त्याला टिळा लाव. नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला." नंतर कळलं की विमानांत पण हेच करतात. आम्ही ताईची लाल नेलपॉलिश वापरली, पुढे सियागंजातून डझनच आणली. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनच्या नायलॉक नटांबाहेर बोल्टाचे दोन आटे दिसायला पाहिजेत हा नियम आहेच, त्याच्यावर हा टिळा. लाल रेघ नाही म्हणजे तो बोल्ट अजून हातानंच लावलाय असं समजायचं, कुणी काहीही शपथ घेऊ दे.

त्या वर्षी आम्ही एन्ड्युरन्स पूर्ण केली. वेग काही खास नव्हता. पण चालू गाड्यांपैकी बऱ्याच पूर्णच करत नाहीत, त्यामुळे नुसतं पोचून आम्ही आधीच्या वर्षाच्या कितीतरी वर गेलो. ते चाळीस टक्के मार्क आठवले का?

टेस्टिंग कुठे करायचं आणि महागडी उपकरणं नसतील तर?

आम्ही सकाळी सहाला कॉलेजच्या पार्किंगमध्ये करायचो, आधी परवानगी, अग्निशामक, हेल्मेट, ॲम्ब्युलन्सचा नंबर फळ्यावर, मगच इंजिन. नंतर ओळखीतून पिथमपूरला एका बंद शेडचं मोठं आवार मिळालं.

उपकरणांचं म्हणशील तर चाकांवरचं वजन मोजायला घरातले माणसाचे वजनकाटे चार पुरतात. गाडी ड्रायव्हरसकट तीनशेच्या आसपास, म्हणजे एका चाकावर सत्तर-ऐंशी किलो. फक्त जमीन लेव्हलला पाहिजे, पाण्याच्या नळीनं लेव्हल काढ, आणि काटे एकाच कंपनीचे घे. एका काकूंचा काटा आम्ही परत द्यायला विसरलो तर त्यांनी माझ्या आईला फोन करून "बरं झालं, मेला रोज खोटं दाखवायचा" म्हणून सांगितलं. टो (चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर मांजाचा दोरा ताण आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून स्टीलपट्टीनं अंतर घे. टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन जागी लॅप संपल्या संपल्या लगेच, दोन मिनिटांनी घेतलेलं काही कामाचं नाही.

आणि वही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायची. दोन बदलल्या की कशानं फरक पडला ते देवाला माहीत.

डिझाईनचे जज काय विचारतात?

"का?" एवढंच. "सॉफ्टवेअरनं सांगितलं" हे उत्तर दिलं की पुढची दहा मिनिटं वाईट जातात. आमच्या एका ज्युनियरनं वितळलेला कनेक्टर खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं हा इथे होता, आता तो इथे आहे, मधलं तापमान आम्ही स्टिकर लावून असं मोजलं. जज खुर्ची ओढून जवळ बसले. मोठं इंग्रजी बोलायची गरज नाही, तो मुलगा अडखळतच बोलत होता.

(आई-बाबांकडून) खर्च किती येतो हो? आणि अभ्यासाचं काय?

काका-काकू, स्पष्टच लिहितो. आमच्या पहिल्या गाडीला प्रवासासकट नऊ लाखांच्या आसपास गेले, कॉलेजनं काही दिले, स्पॉन्सरनी काही सामानाच्या रूपात दिले, आणि उरलेले तीसेक मुलांनी वाटून घेतले. प्रत्येकी किती येणार ते टीमला आधी लेखी विचारा, ऐनवेळी सांगतात तेव्हा घरात वाद होतात. अभ्यासावर परिणाम होतो. होत नाही म्हणणारा खोटं बोलतोय. माझी एक बॅक लागली होती, पुढच्या सेममध्ये निघाली. आम्ही नंतर नियम केला की परीक्षेच्या आधी दोन आठवडे वर्कशॉपला कुलूप, चावी सरांकडे.

मुलगी रात्री वर्कशॉपमध्ये थांबणार का, हे तुम्ही विचारणारच. आमच्याकडे दहानंतर कुणीच थांबायचं नाही असं ठरलं होतं, मुलगा असो वा मुलगी, कारण रात्री दीड वाजता ग्राइंडर चालवणाऱ्याचं बोट मुलगा आहे म्हणून वाचत नाही.

यानं नोकरी लागते का?

सरळ लागत नाही, इंटरव्ह्यूत बोलायला मात्र भरपूर मिळतं. मला दोन तासांत ब्रेक टेस्टमध्ये सहा वेळा नापास होण्याचाच किस्सा विचारला.

इलेक्ट्रिक करू की पेट्रोल?

पहिलीच गाडी असेल तर पेट्रोल. इलेक्ट्रिकमध्ये ८० किलोवॉटची मर्यादा आणि बॅटरी पॅकचे सेफ्टी नियम आहेत, ते स्वतःच एक वर्षाचं काम आहे. हाय व्होल्टेजला "बघू, करून बघू" चालत नाही.

टीममध्ये भांडणं झाली तर?

होणारच. जेवून भांडा. आमची निम्मी भांडणं रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाऊन मिटली, उरलेली निम्मी ज्यानं पार्ट बनवला त्यालाच तो गाडीत बसवायला लावल्यावर.

वर्कशॉप बघायला येऊ का?

ये ना, रविवारी सकाळी ज्युनियर असतात, मीही महिन्यातून एकदा जातो. बूट घालून ये, चपलेवर आत घेत नाहीत. आणि घरी जुना वजनकाटा पडला असेल तर घेऊन ये, चारातला एक परत खोटं दाखवायला लागलाय.